‘व्हय’ या शब्दाचें नाटक

अकोल्याहून कोतूळ, ब्राह्मणवाडा करीत डोंगर ओलांडला कीं जुन्नर तालुक्यांतील ओतूर लागतें. (आमचें अकोलें तें प्रवरेकाठचें, वऱ्हाडांतील अकोला नव्हे. हा खुलासा आम्हां अकोलेकरांस जन्मभर करावा लागतो, तेव्हां येथेंही तो करून टाकतों.) ह्या ओतुराहून ता. २० एप्रिल १८७७ रोजीं सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या पतीस एक पत्र लिहिलें. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. अन्नावांचून हाल काढणारीं माणसें, दाणावैरणीअभावीं पडलेलीं जनावरें, सावकारांची वागणूक व तींतून उठलेले दंगे, आणि या सर्वांत सत्यशोधक मंडळींनीं चालविलेलें काम, यांचा वृत्तांत त्या पत्रांत आहे. वर्गांत या पत्राचा विषय निघाला म्हणजे मुलांना नवल वाटतें तें दुष्काळाचें नव्हे. “म्हणजे त्या इथं, आपल्या डोंगरापलीकडं आल्या होत्या?” असें एखादी मुलगी विचारते. दरवर्षीं ३ जानेवारीस जिच्या तसबिरीला आपण हार घालतों ती बाई पायांनीं चालणारी, आजारी पडणारी, नवऱ्याला पत्र लिहिणारी होती, ही गोष्ट त्या क्षणीं कोठें तिच्या ध्यानांत येते.

तसबिरींतून माणूस बाहेर काढण्याचें काम चरित्रकार करूं शकतो, कादंबरीकारही करूं शकतो. परंतु एकट्या नटीनें जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर यावें, आणि “ती मीच” असें म्हणून समोर बसलेल्या लोकांस आपलें आयुष्य आठवून आठवून सांगावें, हा मार्ग निराळा आणि पुष्कळच धोक्याचा. श्रीमती सुषमा देशपांडे यांनीं तो १९८९ सालीं पत्करला. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हें एकपात्री नाटक त्यांनींच लिहिलें, त्यांनींच बसविलें आणि वर्षानुवर्षें त्यांनींच सादर केलें. नाट्यगृहांत केलें, तसें खेड्यापाड्यांतही केलें. या नाटकाविषयीं आजवर जें बोललें जातें तें बहुधा सावित्रीबाईंच्या कार्याविषयींचें बोलणें असतें. कार्य मोठें आहे, म्हणून नाटकही मोठें, असा कांहींसा हिशेब त्यांत असतो. तो हिशेब मला मान्य नाहीं. थोर विषयावरचीं वाईट नाटकें आपण थोडीं का पाहिलीं आहेत! प्रस्तुत नाटक चांगलें असेल तर तें नाटक म्हणून कशानें चांगलें, आणि तें जेथें कमी पडतें तेथें कशानें, एवढेंच पाहण्याचा येथें हेतु आहे.

‘एकपात्री’ हा शब्द आपल्याकडे जरा ढिलाईनें वापरतात. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९६१ सालीं रंगभूमीवर आली; पुढें प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्यें पन्नासांहून अधिक माणसें एकट्याच्या अंगांत आणून दाखविलीं. हे दोन्हीं प्रयोग मराठी माणसानें डोक्यावर घेतले आणि तें योग्यच झालें. पण त्यांतला आनंद एकाचे अनेक होण्याचा आहे. खांद्यावरचें उपरणें नुसतें इकडचें तिकडे झालें कीं नवा माणूस उभा राहतो, आणि आपण टाळी देतों ती त्या चपळाईला. पु. लं.नीं आपल्या प्रयोगांस ‘बहुरूपी’ म्हटलें, तें म्हणूनच अगदीं नेमकें होतें. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा बहुरूप्याचा खेळ नव्हे. येथें एकीच्या अनेकजणी होत नाहींत. एकच बाई हळूहळू आपलें स्वतःचें माप घेत जाते. जोतीरावांचे शब्द तिच्या तोंडीं येतात, सासऱ्यांचे येतात, माहेरच्यांचे येतात. पण ते जोतीराव किंवा गोविंदराव रंगमंचावर अवतरल्यासारखे येऊन चालत नाहींत. बायकोच्या आठवणींतला नवरा आणि प्रत्यक्ष नवरा यांत जें अंतर असतें तें नटीच्या आवाजांत राहिलें पाहिजे. तिनें आवाज फार घोगरा केला, छाती पुढें काढली, कीं आठवण संपली आणि नक्कल सुरू झाली. मीं हें नाटक पुण्यास विद्यार्थिदशेंत, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभीं पाहिलें, तेव्हां श्रीमती देशपांडे यांच्या अभिनयांतली ही काटकसर मला समजली नव्हती. उलट, “ही बाई नकला कां करीत नाहीं?” असें शेजारच्या मित्राजवळ कुरकुरल्याचें मला स्मरतें. ती काटकसर हीच त्या प्रयोगाची मोठी समज होती, हें उमगावयास मला बरीच वर्षें लागलीं.

मग हें स्वगत आहे काय? तेंही नव्हे. ‘एकच प्याला’ मधला सुधाकर स्वतःशीं बोलतो. आपण तें चोरून ऐकतों. स्वगत बोलणाऱ्या पात्राला प्रेक्षक दिसत नाहीं, असा रंगभूमीचा संकेत आहे. येथें उलट आहे. सावित्रीबाई आपणांकडे पाहून बोलते. आपण समोर नसतों तर ती बोललीच नसती. कीर्तनकार समोरच्यांशीं बोलतो हें खरें, पण तो कथेंतला कोणी नसतो. आख्यान लावून तो बाजूला उभा राहतो. येथें आख्यान सांगणारी आणि आख्यानांतली एकच. अशा बोलण्याला आपल्याकडे एक जुना, घरगुती आणि कचेरींतलाही शब्द आहे: साक्ष. साक्षीदाराला कोणी तरी विचारलेलें असतें. आणि ह्या नाटकाचें नांवच मुळीं उत्तराच्या रूपांत आहे. ‘व्हय’ हा शब्द आपण होऊन कोणी उच्चारीत नाहीं. “तूंच का ती?” असें कोणी तरी विचारावें लागतें, तेव्हां “व्हय, मी” असें उत्तर येतें. तो प्रश्न नाटकाच्या पूर्वींच कोठें तरी विचारला गेलेला आहे. तो विचारणाऱ्यांत शेणमाती फेंकणारे आहेत, बहिणीला व मेव्हण्याला नांवें ठेवणारा भाऊ आहे, आणि शंभर वर्षांनीं तसबिरीला हार घालून मोकळे होणारे आपणही आहों. नाटककर्त्रीनें एका शब्दांत श्रोत्याला आरोपी, पंच आणि पाहुणा असें तिहेरी आसन देऊन ठेवलें आहे. नाटकाच्या नांवांत इतकें नाटक क्वचितच असतें.

इंग्रजी रंगभूमीचीं दोन उदाहरणें येथें उपयोगी पडतील. सॅम्युएल बेकेट याच्या १९५८ सालच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या छोट्या नाटकांत एक म्हातारा आपल्याच तरुणपणच्या आवाजाच्या ध्वनिफिती लावून ऐकत बसतो. तेथें आठवण ही यंत्रांत बंद झालेली आहे. सांगणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. आणि म्हणूनच त्याला आपला ‘मी’ सांपडत नाहीं, सांपडतो तो एक परका, उद्धट तरुण. दुसरें उदाहरण अधिक जवळचें. विल्यम लूस याच्या ‘द बेल ऑफ ॲमहर्स्ट’ (१९७६) मध्यें ज्यूली हॅरिस या नटीनें एमिली डिकिन्सन ही कवयित्री एकटीनें उभी केली. तीही खरोखर होऊन गेलेली बाई, तिचींही पत्रें आणि कविता हाताशीं, आणि तीही प्रेक्षकांना घरीं आलेले पाहुणे समजून बोलते. परंतु एमिली घराबाहेर पडत नव्हती. तिचें आत्मशोधन दार लावून होतें. सावित्रीबाईंचें सारें आयुष्य दाराबाहेर पाऊल टाकण्यांत गेलें. १८४९ मध्यें सासऱ्यांच्या घरांतून निघावें लागलें तें पहिलें, आणि १८९७ च्या प्लेगांत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाल्या तें शेवटचें. दार उघडून जिनें आपणांस ओळखलें तिचें नाटक चार भिंतींच्या पाहुणचारांत मावत नाहीं. म्हणूनच तें पारावर, शाळेच्या पडवींत, वस्तींतल्या मोकळ्या जागेंत केलें तरी हिरमुसत नाहीं. किंबहुना तेथेंच तें अधिक फुलत असावें.

आतां मूळ अडचणीकडे येतों. सावित्रीबाईंनीं आत्मचरित्र लिहिलेलें नाहीं. त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांनीं तें लिहिलें. रमाबाई रानड्यांचें पुस्तक १९१० चें. त्याचें नांवच ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. त्यांतला ‘आमच्या’ हा शब्द नीट वाचावा. बायकोनें आठवावयाचें तें नवऱ्याचें आयुष्य. त्यांत आपलें सांपडेल तेवढें आपलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’चा उगमही टिळकांच्या चरित्रासाठीं आठवणी पुरविण्यांतला, पण लक्ष्मीबाईंची लेखणी अशी कांहीं अवखळ कीं चरित्र बाजूला राहिलें आणि बाई स्वतःच पुस्तकभर नांदल्या. आनंदीबाई कर्व्यांनीं १९४४ मध्यें ‘माझें पुराण’ लिहिलें, त्यांत ‘माझें’ हा शब्द मुखपृष्ठावरच आला. या सर्वांच्या आधींच्या सावित्रीबाई. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा, म्हणजे त्या तेवीस वर्षांच्या असतांनाचा. पण जोतीरावांच्या पश्चात् त्यांनीं जी स्मृति शब्दांत बांधली ती ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ या नांवाची, आणि ती आहे जोतीरावांच्या चरित्राची पद्यरचना! जिनें भारतांतल्या मुलींसाठीं शाळेचें दार उघडलें तिनेंही आठवावयास बसल्यावर आठविलें तें पतीला.

या वस्तुस्थितींतूनच नाटकाचा खरा पेंच निर्माण होतो. सावित्रीबाईंच्या तोंडीं आठवणी घालावयाच्या तर त्या आठवणींची नैसर्गिक धांव जोतीरावांकडे आहे. ‘ते म्हणाले’, ‘त्यांनीं शिकविलें’, ‘त्यांच्यामुळें’. आणि हें खोटेंही नव्हे. त्यांच्याइतकें एकमेकांच्या कामांत मिसळलेलें जोडपें एकोणिसाव्या शतकांत विरळा. तेव्हां नवऱ्याला बाजूस सारून बाईला मोठी करणें हा अन्याय झाला असता आणि तो नाटककर्त्रीनें केला नाहीं. पण मग ‘मी’ कोठें शोधावयाचा? या नाटकाचें उत्तर असें दिसतें: तो मोठ्या प्रसंगांत शोधूं नये, लहान गोष्टींत शोधावा. जोतीरावांनीं शाळा काढली, हें इतिहास सांगतो. त्या शाळेपर्यंतचा रस्ता रोज सकाळीं कोण चालत होतें, हें चालणारीलाच ठाऊक. अंगावर चिखल उडाल्यावर शाळेंत बदलावयास दुसरें लुगडें बरोबर न्यावयाचें, ही सुप्रसिद्ध आख्यायिका घ्या. चरित्रांत ती धैर्याचा दाखला म्हणून येते. बाईच्या तोंडीं आली कीं तिच्यांत आणखी कांहीं मिसळतें: दोन लुगडीं धुवावयाचीं, वाळवावयाचीं, आणि घरीं लुगडीं किती होतीं हेंही आठवावयाचें. आठवण ही नेहमीं असल्या हिशेबी तपशिलाला चिकटून राहते. थोरपणा तिला मागाहून कोणी तरी चिकटवितो.

हीं माहिती आणि आठवण यांतलीं नातीं या नाटकाच्या जन्मकाळाशींही जुळतात. डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेलें सावित्रीबाईंचें समग्र वाङ्मय १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. नाटक त्यानंतरच्या वर्षींचें. त्या सुमारास सावित्रीबाई हें केवळ नांव न राहतां वाचावयाचा मजकूर होत होतें. पत्रें तर तीनच उपलब्ध, पण तीं तीन पत्रें म्हणजे तीन प्रवेश आहेत. १८५६ च्या पत्रांत त्या नायगांवीं माहेरीं, आजारांतून उठत असलेल्या. भाऊ सेवाही करतो आणि तुम्हां नवराबायकोचें वागणें जातीबाहेरचें म्हणून बोलूनही दाखवितो. १८६८ च्या पत्रांत निराळ्या जातींच्या एका तरुण जोडप्याला मारावयास निघालेला गांव आणि त्याला आडवी गेलेली ही एकटी बाई. आणि तिसरें तें आमच्या डोंगरापलीकडचें, ओतूरचें. गंमत अशी कीं, या पत्रांत त्या पतीपासून दूर आहेत म्हणूनच तीं लिहिलीं गेलीं. आणि नेमक्या तेथेंच, पतीच्या अनुपस्थितींत, त्यांचा ‘मी’ सर्वांत ठसठशीत दिसतो. भावाशीं वाद घातला तो त्यांनीं, गांव अडविला तो त्यांनीं. जोतीराव तेथें केवळ पत्राचे श्रोते आहेत. नाटकांत ते श्रोत्याचें आसन आपणांस मिळतें. एकपात्री प्रयोगाला याहून चांगला पाया सांपडणें कठीण.

भाषेविषयीं थोडें सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण माझें ह्या नाटकाशीं जें कांहीं नातें आहे तें भाषेचें आहे. माझी आई ‘व्हय’ म्हणे. आमच्या भागांत सगळेच म्हणत. मी पुण्यास इंग्रजी विषय घेऊन शिकावयास गेलों, आणि पहिल्याच वर्षाच्या सुटींत दोन वर्गमित्रांस घरीं घेऊन आलों. तीं दोन्हीं मुलें शहरांतलीं. आई त्यांच्याशीं बोलूं लागली तेव्हां मीं तिला स्वयंपाकघरांत गांठून सांगितलें, “आई, जरा ‘हो’ म्हणत जा ना.” ती कांहीं बोलली नाहीं. पाहुणे होते ते दोन दिवस तिनें प्रत्येक गोष्टीला नुसती मान हालविली. पुढेंही माझे कोणी मित्र आले कीं ती मानच हालवी. तो शब्द तिनें माझ्या देखत पुन्हां कधीं फारसा उच्चारला नाहीं, आणि ‘हो’ तर नाहींच नाहीं. अशा स्थितींत त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनीं मी त्या नाट्यगृहांत जाऊन बसलों, आणि जाहिरातींत नुसता वाचलेला तो शब्द एका धीट, शांत बाईच्या तोंडून पूर्ण उघड्या आवाजांत ऐकला. सभोंवार पुण्याचा सुशिक्षित प्रेक्षकवर्ग होता. कोणी हंसलें नाहीं. माझ्या मनाची काय अवस्था झाली तें सांगत बसत नाहीं. पण तेव्हांपासून हें नाटक मला केवळ सावित्रीबाईंचें वाटलेलें नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर टीकाकाराचें काम पुन्हां हातीं घेतलें पाहिजे, कारण हृदयाला भिडलेली गोष्ट निर्दोष असतेच असें नाहीं. ऐतिहासिक दृष्टीनें हें ‘व्हय’ कितपत खरें? सावित्रीबाईंचें जें लेखन आपणांपुढें आहे तें नागर, ग्रंथी वळणाचें आहे. पतीला लिहितांनाही त्यांची भाषा आदराची आणि संस्कृतप्रचुर शब्दांकडे झुकणारी आहे. पुण्यांत आणि अहमदनगरास मिस फॅरार यांच्याकडे त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें, असें चरित्रकार सांगतात; म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या गांवीं त्या बोलीच्या मुलीची शिक्षिका झाली. अशा बाईंच्या जिभेवर दोन भाषा असणार: एक नायगांवची, दुसरी शाळेची. नाटकानें पहिली निवडली. ही निवड मला मान्य आहे. आठवण घरच्या भाषेंतच येते, शिकलेल्या भाषेंत ती लिहिली जाते. पण या निवडीची किंमत पडली आहे. कविता रचणारी, प्रौढ वाक्यें बांधणारी, वर्गांत उभी राहून शिकविणारी जी सावित्रीबाई, ती ह्या बोलींत मागें पडते. एका बाईच्या दोन भाषांतला ताण हाच तिच्या आत्मशोधाचा एक मोठा भाग असला पाहिजे. शिकल्यावर ती माहेरीं कोणत्या भाषेंत बोलली असेल? भावाला उत्तर देतांना तिनें कोणता शब्द वापरला असेल, ‘हो’ कीं ‘व्हय’? त्या ताणाचें नाटक झालें असतें तर मी आणखी समाधानी झालों असतों. शिवाय सबंध महाराष्ट्राला समजावी म्हणून रंगभूमीवरची बोली जरा सर्वसाधारण ‘ग्रामीण’ करावी लागते, आणि मग ती खंडाळ्याचीही राहत नाहीं नि जुन्नरचीही राहत नाहीं. ही तक्रार ह्या एकाच नाटकाविषयीं नाहीं; आमच्या बहुतेक ग्रामीण नाटकांविषयीं आहे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. आठवण म्हणजे नुसता सांठा नव्हे. ती चुकते, गाळते, लपविते, एखाद्या जागीं येऊन अडते. जो माणूस आपलें आयुष्य सांगतांना कोठेंच अडखळत नाहीं तो आठवत नसतो, पाठ म्हणत असतो. सावित्रीबाईंना मूल झालें नाहीं. त्या काळच्या घरांत या गोष्टीवरून काय काय बोललें गेलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनीं आपला म्हटलें. ही कृति थोर खरीच, पण तिच्या अलीकडे किती रात्री जाग्या गेल्या असतील! असल्या जागांवर नाटकानें थोडें अधिक थांबावें, श्रोत्याला अवघडूं द्यावें, असें मला पाहतांना वाटलें आणि आजही वाटतें. कार्याचा ओघ इतका जोरदार आहे कीं तो बाईला हात धरून पुढें घेऊन जातो. तिला ‘मी भ्यालें’ म्हणावयास पुरेसा अवकाश देत नाहीं. याचें कारणही उघड आहे. हें नाटक जेव्हां लिहिलें गेलें तेव्हां पुष्कळ प्रेक्षकांस सावित्रीबाईंची मूळ हकीकतच ठाऊक नव्हती. ती सांगणें हें पहिलें कर्तव्य होतें, आणि कर्तव्य करतांना माणूस फार वेळ खालीं बसत नाहीं. आज ती हकीकत शाळेच्या पुस्तकांतून मुलांना कळते. आज हेंच नाटक करणाऱ्या नटीला थांबण्याची मुभा आहे, आणि तिनें ती घ्यावी.

येथें एक प्रश्न अवश्य उपस्थित होतो. नाटक नाटककर्त्रीनेंच करावयाचें असेल तर ‘व्हय, मी’ म्हणणारी नेमकी कोण? पुढें हें नाटक हिंदींतही गेलें आणि इतर नटींनींही तें सादर केलें. एकपात्री नाटक बहुधा लिहिणाऱ्याबरोबर संपतें, ‘चाळ’ पु. लं.च्या शिवाय कल्पितां येत नाहीं. हें संपलें नाहीं, याचें कारण त्याच्या नांवांतल्या सर्वनामांत आहे. ‘मी’ हा शब्द ज्या तोंडांत पडेल त्याचा होतो. देवळांत भक्त ज्या भावनेनें ‘मी’ म्हणतो, किंवा गोंधळी ज्या अधिकारानें देवीचे बोल बोलतो, त्याच्याशीं याचें दूरचें नातें असावें. श्रीमती देशपांडे यांचें दुसरें नाटक, ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात् माझ्या आठवणींचा फड’, एका लावणी कलावंतिणीचें आयुष्य असेंच एकटीच्या तोंडून सांगतें. राजश्री सावंत वाड यांनीं तें केलें. आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यानें हिवरगांवची पवळा तमाशाला दिली. तेव्हां त्या फडाचा अर्थ आमच्याकडील प्रेक्षकांस निराळा सांगावा लागत नाहीं. कलेच्या दृष्टीनें तें दुसरें नाटक मला अधिक मोकळें वाटतें. कारण तेथें जपावयाची तसबीर नाहीं. ती बाई स्वतःची फजिती सांगूं शकते, स्वतःवर हंसूं शकते. थोरपणाच्या ओझ्यानें सावित्रीबाईंना तें जरा दुर्मीळ झालें आहे.

तथापि एक गोष्ट अशी आहे कीं ती पहिल्याच नाटकाला साधतां आली, आणि तिच्यासाठीं मी वरचे सर्व आक्षेप जरा मागें घेण्यास तयार आहें. प्रेक्षकाला या बाईचा शेवट ठाऊक असतो. १० मार्च १८९७ ही तारीख, तो प्लेग, मुंढव्याकडच्या वस्तींतला तो मुलगा, हें सर्व आपण जाणतों. आणि रंगमंचावर बोलणारी बाई मात्र जिवंत आहे, तिच्या पुढें अजून दिवस आहेत. पहिल्या पुरुषी निवेदनाला स्वतःचा मृत्यू सांगतां येत नाहीं, ही या प्रकाराची मर्यादा म्हणून सांगतात. येथें ती मर्यादाच उपयोगी पडते. नोव्हेंबर १८९० मध्यें जोतीराव गेले. अंत्ययात्रेंत टिटवें सावित्रीबाईंनीं स्वतः धरलें. तेथून पुढचीं सहा-सात वर्षें ‘आम्ही’ संपून ‘मी’ उरला. १८९३ मध्यें सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या वर्षांविषयीं ती बोलूं लागते तेव्हां ऐकणाऱ्याला वाटतें, बाईला कोणी तरी सांगावें. पण आपल्याला सांगतां येत नाहीं. आपण श्रोते आहों आणि ती आपल्याकडे पाहते आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या येथें एका विद्यार्थिनीनें ह्या नाटकांतला कांहीं भाग करावयास घेतला. मुलगी राजूर-भंडारदऱ्याकडच्या डोंगराळ पट्ट्यांतली. कॉलेजांत पायीं आणि मोटारीनें मिळून दीड तास लागे. तालमींत ती पुस्तकी उच्चार करी, ‘व्हय’ हा शब्द तर अगदीं अवघडून म्हणे. मीं तिला एकदां विचारलें, घरीं काय म्हणतेस? ती लाजली. म्हणाली, “सर, घरी व्हयच म्हनतो, पण इथं तसं म्हनायचं नसतं ना.” प्रयोगाच्या दिवशीं तिची आई आणि आजी आल्या होत्या. ध्वनिक्षेपक मध्येंच बंद पडला आणि मुलगी क्षणभर गप्प झाली. मग ध्वनिक्षेपकाची वाट न पाहतां दोन पावलें पुढें येऊन, पहिल्या रांगेकडे पाहून, तिनें तें वाक्य तिच्या घरच्या आवाजांत म्हटलें. पहिल्या रांगेंतून आजीनें मोठ्यानें विचारलें, “काय म्हनली गं?” आणि सबंध दालन हंसलें. मुलीनें आजीकडे पाहून तें पुन्हां एकदां, सावकाश, सांगितलें.